फोटोतला उजेड

नात अकरावीला सायन्सला गेली आणि महिन्याभरात तिचं तोंडच उतरलं. दहावीपर्यंत सगळं मराठीत, आता पुस्तकं इंग्रजीत. सोमवारी बापाला घेऊन कॉलेजात जायचं आन आर्ट्सला बदलून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. मला लई वाईट वाटलं. लहानपणापासून पानं-फुलं गोळा करत हिंडणारी पोर ही.

मी ओसरीवर गोधडी शिवत होते. ती शेजारी बसून झाडांच्या धड्यातला एकच शब्द घोकत होती, फोटोसिंथेसिस. मधेच अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून.

"एवढा लांब शब्द अख्खा कशाला गिळायलीस?" मी म्हणलं. "ही गोधडी लांबून एकच दिसती, जवळून जोड दिसतात. त्याचा जोड कुठं हाय ते बघ."

"शब्दाला काय शिवण असती का, आजी?" असं म्हणाली खरी, पण मोबाईल घेतला. मंग वाचून दाखवलं. शब्द जुन्या ग्रीक भाषेतून आलाय. फोटो म्हणजे उजेड, सिंथेसिस म्हणजे एकत्र जुळवणं.

मला हसूच आलं. माझ्या लग्नात परतूरहून फोटोवाला आल्ता. त्यानं आम्हा दोघांना घरातून काढून भर उन्हात बसवलं. सासूबाई चिडल्या, नव्या नवरीला उन्हात कशाला म्हणून. तो म्हणे, उजेड नसला तर फोटो निघत न्हाई, माय. फोटो म्हणजे भिंतीवरची तसबीर, एवढंच मी आजवर धरून चालले होते.

"मंग झाडाचा कशाला फोटो?" मी विचारलं.

"फोटो न्हाई गं. पान उजेडावर हवा आन पाणी जुळवून आपलं खाणं बनवतं." हे ती कुठंच न अडखळता बोलली. मंग धड्यातला पुढचा शब्द, क्लोरोफिल, तिचा तिनंच उसवला. क्लोरो हिरवं, फिल पान. "एवढंच?" ती म्हणाली, थोड्या रागानंच.

गोधडी होत आल्ती. आमच्यात शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत पोळीचा तुकडा घालतात, पांघरूण उपाशी राहू नये म्हणून. तिला पोळी आणायला आत धाडलं, तर तिथूनच बापाशी बोलणं ऐकू आलं.

"बाबा, सोमवारी कॉलेजात जायचं न्हाई."

"आता मी रजा सांगून ठेवलीय त्याचं काय?"

"आजीला फोटो काढायला न्या."

म्हातारपणी पुन्हा उन्हात बसायचं आलं म्हणायचं. ती बाहेर आली तसा मी तिच्या हातातून तुकडा घेतला, आत सरकवला आणि कोपरा शिवून टाकला.