पत्र्याचं साड्यांचं दुकान

"सर, आरमोरीले या. दुकानापुढं धानाचे ट्रॅक्टर लागून राह्यले."

मी चंद्रपूरच्या ऑफिसात होतो. फोनवर मीनाबाई, माझ्या क्लायंट.

"साड्यांच्या दुकानापुढे?"

"हो. माल कुठी उतरवू, म्हणून इचारून राह्यले."

मी आर्किटेक्ट आहे. जपानमधली साधी दुकानं, गॅरेज, दवाखाने मी वर्षानुवर्षं फोटोंत पाहत आलोय. नालीदार पत्रा, लोखंडी अँगल आणि पॉलिकार्बोनेट, म्हणजे उजेड आत येऊ देणारं दुधी प्लास्टिक. सामान गोदामाचंच, पण जोड इतके नेटके की झाकावेसे वाटत नाहीत. मीनाबाईंना मी तसंच दुकान बांधून दिलं. पत्र्याच्या दोन थरांत इन्सुलेशन भरलं, त्यामुळे आत उन्हाळा जाणवत नव्हता. मला त्या दुकानाचा फार अभिमान होता.

पोचलो तर ट्रॅक्टर खरंच उभे. आत लग्नसराईचा माल घडी न मोडता पडलेला. हा सीझन गेला तर दुकान बंद करावं लागेल, हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी बोर्ड दाखवला.

"बोर्ड कोन वाचते, भाऊ? मागं सरकारी धानखरेदीचा काटा शाळेत होता, तवा बोर्ड शाळेचाच होता. हे त सरळ गोदाम दिसून राह्यलं."

मी त्याला ट्रॅक्टर पुढे घ्यायला सांगितलं.

तेवढ्यात बाईंच्या ओळखीची एक बाई समोरून जात होती. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बस्त्याला, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीला, दोन्हीकडची माणसं येतात. व्याह्यांना गादीवर बसवायचं, चहा द्यायचा, मग साड्या उघडायच्या. मीनाबाईंनी तिला हाक मारली.

"येतो वो बाई, पण व्याह्याले टिनात कशी बसवू?" म्हणाली आणि पुढच्या दुकानात गेली.

मीनाबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सर, काम खराब नाई तुमचं. आत गार लागते. पण समोरून मले चमक लावून द्या."

चमक म्हणजे एसीपी, अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पॅनल. ते लावू नका म्हणून मी अर्धं आयुष्य क्लायंटशी भांडलो. त्या दिवशी अंगात त्राणच नव्हतं. ड्रॉइंग मीच काढलं, लाल रंगाचं, सोनेरी पट्टीसकट. काढताना वाईट वाटलं.

पॅनल लागले आणि बस्ते सुरू झाले. ती ओळखीची बाईही व्याह्यांना घेऊन आली. दुकान तरलं.

हल्ली नवा क्लायंट आला की मी आधी विचारतो, आत कोणाला बसवणार? मटेरियलचं नंतर बोलतो.