वहिनीने टायर निवडले

मंडळी, आज वहिनीसोबत जबलपूरच्या गोहलपूर भागात टायरच्या दुकानात गेले होते.

दादाने हौसेने बनवून घेतलेली कॅम्परव्हॅन तो गेल्यापासून दारात उभीच होती. उभ्या उभ्या टायरना भेगा पडल्या. वहिनीने व्हॅन विकायचं ठरवलं, म्हणून मी ती हळूहळू दुकानापर्यंत नेली.

दुकानदार म्हणाला, "दीदी, बेचना है तो सस्ते वाले डाल दो. खुद चलाना है तो ऑल-सीझन लो, गर्मी-बारिश दोनों में चलेंगे."

मी सस्तेच सांगणार होते, तेवढ्यात वहिनीने विचारलं, "भैया, पचमढ़ी के घाट में पकड़ रहेगी? अंदर पलंग-चूल्हा सब है, वजन ज्यादा है."

"काहून वहिनी, विकायची नाही का आता?"

तिचे डोळे भरले. "त्यांनीच मला ही चालवायला शिकवली होती गं. दुसरं कोणी घेऊन गेलं तर मला बघवणार नाही."

ऑल-सीझन टायर बसले. परत येताना वहिनी स्टिअरिंगवर बसली. गर्दीत गाडी दोनदा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवून राहिले होते.

घर आलं, तरी तिने गाडी थांबवली नाही. म्हणाली, "अजून एक चक्कर मारू?"

रविवारी आम्ही दोघी पचमढीला निघतोय. जबलपूरहून तिला सोपा जाईल असा रस्ता सुचवाल का?