त्या घरचं पाणी

गैरहजर मुलीची चौकशी करायला घरी गेलं, की बसायच्या आधी हातात पाण्याचा पेला येतो. सुमन जुलाबांनी गळून निजली होती आणि पेल्यातलं पाणी तिच्याच घरच्या माठातलं होतं. पाणी उकळून प्या, असं वर्गात मीच सांगते. माझी उकळलेल्या पाण्याची बाटली पिशवीतून डोकावत होती.

"आई, बाई त्यांच्या बाटलीतलंच पितात," सुमन म्हणाली.

आईने पिशवीतल्या बाटलीकडे पाहिलं. "आमच्या घरचं पाणी चालत नाही व्हय, बाई?"

हा प्रश्न आमच्या शाळेपेक्षा फार जुना. त्याला जंतूंचं उत्तर कसं देणार? मी पेला घटाघटा रिकामा केला. आईचा चेहरा उजळला. सुमन मात्र अंथरुणातून बघत राहिली. तिला शिकवलेलं सगळं मी तिच्यासमोरच पिऊन टाकलं होतं.