हरणारे मेंढपाळ

निवृत्ती गेल्याचं पोस्टकार्ड जेऊरहून आलं, तेव्हा मी पेटीच्या भात्याला कातडं चिकटवत बसलो होतो. त्याच्या भावाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. मला रडू आलं नाही, रागच आला. आजारी असल्याचं एका शब्दाने कळवलं नाही या माणसाने... पण तो तसाच होता. दुसऱ्यांच्या गोष्टी तासन्‌तास सांगायचा, स्वतःची कधीच नाही.

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. सोलापुरातल्या एका थिएटरात पडद्याच्या एका अंगाला मी पेटी घेऊन बसे, दुसऱ्या अंगाला निवृत्ती छडी घेऊन उभा राही आणि मुक्या चित्रात काय चाललंय ते लोकांना सांगे. मराठीत सांगता सांगता विणकरांसाठी दोन वाक्यं तेलुगूत, मध्येच एखादं दखनीत. इंग्रजी त्याला येत नसे. म्हणून मालक त्याला नवं चित्र आधी पुण्याला नेऊन दाखवत आणि कुणाकडून तरी पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या वाचून घेत. तेवढ्यावर गडी सगळं पाठ करी.

असंच एक विलायती चित्र आलं. एक श्रीमंत क्लब धावण्याची शर्यत जिंकायची म्हणून परमुलखातल्या डोंगरांतून चार मेंढपाळ आणतो. जन्मात बूट न घातलेली माणसं. सगळं शहर त्यांना हसतं. आमचं थिएटर मात्र पहिल्या रिळापासून त्यांच्या बाजूचं झालं. समोर बसलेलीही गिरण्यांत राबायला कुठून कुठून आलेलीच माणसं होती.

मध्यंतरात कळलं, शेवटच्या रिळाचा डबा गाडीतून चुकून कुर्डुवाडी स्टेशनवर उतरवला गेला आणि तिथेच राहिला. मालकांचं तोंड उतरलं.

"शेवट तू तोंडानं सांग," ते निवृत्तीला म्हणाले. "आणि जिंकव त्यांना, नाहीतर लोक खुर्च्या मोडतील."

"पण ते हरत्यात की, मालक."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

कोऱ्या पडद्यासमोर उभं राहून त्याने शर्यत सांगितली. मी पेटीवर पळत्या पायांचा ठेका धरला. पहिले चारही नंबर मेंढपाळांचे आले! टोप्या उडाल्या, पुढच्या बाकावरचा एक म्हातारा विणकर डोळे पुसू लागला. निवृत्ती टाळ्या संपायच्या आतच मागच्या दाराने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डबा आला. आणि तीच माणसं, आता बायकापोरांना घेऊन, जिंकलेली शर्यत डोळ्यांनी बघायला आली. "पळून जा," मी त्याला म्हणालो. त्याने छडी उचलली.

शेवटचं रीळ सुरू झालं. एकेक मेंढपाळ मागे पडत गेला, चौथा तर कोसळलाच. कुणीतरी ओरडलं, "आरं, काल तर जिंकलं हुतं की!"

"काल मी खोटं बोललो," निवृत्ती म्हणाला. "हरत्यात त्ये. मला ठाव हुतं."

एक वहाण येऊन त्याच्या खांद्यावर आदळली. तो हलला नाही. माझी पेटी थांबली. आता दुसरी कुठून येते म्हणून मी बघत असताना तो म्हातारा विणकर उठला.

"चूप बसा रे," त्याने मागे वळून दटावलं. मग निवृत्तीला विचारलं, "हरले, बरं. पुढं काय? ठिवून घेतलं, का परत धाडलं त्यांना?"

पडदा कोरा झाला होता. चित्र ते सांगतच नव्हतं.

"न्हाय ठाव, बाबा," निवृत्ती म्हणाला. "मी बी कदी इचार केला न्हाय..."

मालकांनी त्याला काढलंच. तो कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात लागला. पुढे आम्ही जत्रांतल्या कुस्त्या बघायला जात असू. लोक जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन नाचत आणि हा गर्दीतून नाहीसा होई. सापडे तो हरलेल्या पैलवानाशेजारी. त्याला म्हणत असे, "जेवलास का? गावाला कसा जानार?" मी चिडायचो, याच्या पायी आमची गाडी कितीदा चुकली.

परवा माढ्याच्या जत्रेला एकटाच गेलो होतो. कुस्ती संपली, हलगी कडाडली, आणि माझे पाय भलत्याच बाजूला वळले. विहिरीपाशी हरलेला एक पोरगेला पैलवान कानातली माती धूत होता.

"जेवलास का?" मी विचारलं.

"न्हाय."

दोघं मिळून खाणावळ शोधायला निघालो.