काडी, डिझेल आणि बारा बैल

गॅरेजात काम केलं की किस्से आपोआप साठतात. जुने नटबोल्ट फेकवत नाहीत, तसेच हे! साठ सालच्या आसपास मी यवतमाळला एका शेठकडे मिस्त्री होतो. शेठची लॉरी राजूरच्या खाणीतून त्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यासाठी कोळसा आणायची. तिच्यावर ड्रायव्हर होता देवसिंग, तांड्यावरचा.

*

देवसिंग आधी कोळशाच्या गॅसवर चालणारी जुनी लॉरी चालवायचा. तिथे रीतच अशी, की नळीशी काडी धरायची. ज्योत पेटली की गॅस तयार. डिझेलच्या लॉरीवर आला, तर पहिल्याच दिवशी टाकीचं झाकण काढून आत पेटती काडी धरली!

आमचं धाबं दणाणलं. मी पाना टाकून पळालो, शेठ धोतर सावरत माझ्याही पुढे.

देवसिंग शांतपणे म्हणाला, "कायले पळून राह्यले? अर्धी टाकी हाये."

*

शेठनी फर्मान काढलं, "टाकीजवळ काडी दिसली, त नोकरी खतम!" घरी बायको, तीन लेकरं. देवसिंगनं बिडीसुद्धा सोडली.

*

त्याच्या बापानं तरुणपणी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलेलं. एकदा म्हाताऱ्यानं मला विचारलं, "हे डिझेल येते कुठून?"

"जहाजातून, समुद्रापलीकडून."

तो हादरलाच! "आमचा बैल वाटंनं चरे. याचा चारा समुद्रापल्याड? अन् त्यायनं नाही देल्ला त?"



*

एकदा पंपावर आठ दिवस डिझेल नव्हतं. जिनिंगचा बॉयलर थंड पडायला आला. "टाकीत असंन तेवढ्यावर जाऊ," म्हणून शेठ स्वतः लॉरीत बसले, सोबत मी. टाकीचा काटा कधीचाच मेलेला. येताना ऐन चढावर गाडी बंद! मागे शिगोशीग कोळसा आणि टाकी ठणठणीत कोरडी.

"टाकी पाह्यली नव्हती?"

"काडी तुमीच बंद केली ना, शेठ!"

"नोकरी खतम!"

तांडा जवळच होता. म्हाताऱ्यानं बैलांच्या सहा जोड्या आणून लॉरीला जुंपल्या. अर्ध्या चढावर बैल दमले, म्हणून त्यानं ते सोडून बाजूला घेतले. हँडब्रेक नव्हताच, गाडी देवसिंगच्या ब्रेकवरच्या पायावर उभी, मी नि शेठ आतच. म्हातारा खिडकीशी आला.

"नोकरी खरंच गेली काय रे?"

"हो, बा."

"मंग दुसऱ्याच्या गाडीत काहून बसला? उतर खाली."

बापाचा शब्द! देवसिंगनं मुकाट्यानं पाय उचलला. गाडी मागे सरकली. मी किंचाळलो.

आणि शेठ खाली वाकले, दोन्ही हातांनी त्यांनी देवसिंगचा पाय घट्ट धरला!