मी वारलो तो शुक्रवार

तंजावूरला आल्यावर महिन्याच्या आत मी वारलो. सकाळची वेळ होती, शुक्रवार होता, आणि मी सोडून ही गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती.

मुळात आम्ही तंजावूरचेच. आजोबा राजवाड्यामागची गल्ली सोडून रंगूनला गेले. तिथे वडील वाढले, मी जन्मलो, माझी धाकटी बहीण तुळजा जन्मली. घरात मराठी, बाजारात तमिळ, रस्त्यावर बर्मी, असं आमचं बरं चाललं होतं. मग चौसष्टच्या सुमारास तिथल्या सरकारने आम्हाला आपल्या देशात जायला सांगितलं. मी, बायको पद्मा आणि तुळजा बोटीने मद्रासला उतरलो आणि आजोबांच्याच गल्लीत भाड्याने राहिलो. (आपला देश म्हणतात तो कुठला, हे आम्हाला तिकिटावरून कळलं.)

आल्यापासून मी एकच काम नेटाने केलं, ते म्हणजे दमणं. रंगूनला मी तांदळाच्या गिरणीत हिशेबनीस होतो. इथे नोकरी मागायला गेलो की लोक बर्माच्या गोष्टी आवडीने ऐकत आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगत. रेशनकार्डाचे कारकून तर आमच्याच गल्लीत राहायचे. पण कचेरीत ते मला ओळखत नसत आणि गल्लीत कचेरीचं बोलत नसत. मी रोज जात होतो, रोज परत येत होतो, आणि जेवताना बसल्या बसल्या पेंगत होतो.

त्यात तुळजाचं लग्न. तिच्या मैत्रिणी, तिची शाळेतली नोकरी, सगळं तिकडेच राहिलं होतं, आणि पोर चकार शब्द बोलत नव्हती. तिने रडून गोंधळ घातला असता तर मला सोपं गेलं असतं. निदान हिचं एवढं एक तरी माझ्या हातून नीट व्हावं, असं मला फार वाटत होतं. शेजारच्या गंगाअत्याने, म्हणजे वडिलांच्या चुलतबहिणीने, ओरत्तनाडूचं स्थळ काढलं. मुलगा व्यंकोबा, शाळामास्तर. वडील सोवळ्याओवळ्याचे कडक. हे जमलं तर मी गंगेत न्हालो असं समजणार होतो.

मी त्यांना शुक्रवारी साडेदहाला या म्हणून कळवलं. रंगूनला आम्ही पाहुण्यांना याच वेळी बोलवायचो. आता शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो आणि त्या वेळी तंजावूरकर शुभकार्याला उंबराही ओलांडत नाही, हे मला कोण सांगणार? त्यांना वाटलं, चुकून लिहिलं असेल. ते आपले राहुकाळाआधी पोचावं म्हणून पहिल्या बसने निघाले.

आदल्या रात्री घरात इतकं उकडत होतं की मी तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, जाऊन निजलो. मच्छरदाणी ज्या ट्रंकेत होती ती ट्रंक अजून मद्रासलाच अडकली होती. म्हणून पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतली. तरी डास गुणगुणत होते, म्हणून उशाशी केळ्यात खोचून चार उदबत्त्या लावल्या. विंचवाची भीती, म्हणून एक तेलाचा दिवाही डोक्याजवळ तेवत ठेवला. ओट्याच्या उत्तर टोकाला गंगाअत्याची गाय बांधलेली असे आणि तिची शेपटी तोंडावर येई, म्हणून डोकं दक्षिणेकडे केलं; इकडे प्रेताचं डोकं तिकडेच करतात, हे मागाहून कळलं. (पायाचे अंगठे तेवढे बांधायचे राहिले होते!) पहाटे कुठे डोळा लागला, पण लागला तो असा की महिनाभराची झोप मी एकदम घ्यायला निघालो.

पद्मा आणि तुळजा पहाटेपासून मागीलदारी कामाला जुंपल्या होत्या. इथे दिवस उजाडायच्या आत दारापुढे सडा घालून कोलम काढावाच लागतो. तो नसला की समजायचं, घरात काहीतरी अशुभ घडलंय. रंगूनला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, आमची रांगोळी देवापुढच्या पाटाएवढी. त्यामुळे बाहेरचं अंगण कोरडं ठणठणीत आणि ओट्यावर मी!

कोलम का नाही, म्हणून गंगाअत्या बघायला आली आणि तिने मला बघितलं. ती तशीच स्वयंपाकघरात धावली. तिथे पद्मा नुकतीच डोक्यावरून न्हालेली, केस मोकळे, कुंकू लावायचं राहिलेलं आणि ओल्या लाकडांच्या धुराने डोळे लालबुंद.

"पद्मा, काय झालं गे?" अत्याने विचारलं.

"काय होणार, अत्या. आल्यापासून नुसते धावत होते. आता पडलेत शांत, तर पडू देत."

अत्याला आणखी काय पुरावा हवा होता? ती तोंडाला पदर लावून बाहेर आली आणि घटकाभरात गल्ली गोळा झाली. ज्यांनी महिनाभर आमच्याकडे 'बर्मावाले' म्हणून लांबून पाहिलं होतं, तेही आले. रेशनचे कारकून आले आणि म्हणे खाली मान घालूनच त्यांनी एका पोराला चिठ्ठी देऊन कचेरीत धाडलं. आणि नेमके त्याच वेळी, पहिल्या बसने, ओरत्तनाडूचे वडील आणि मुलगा गल्लीत शिरले.

मला झोपेत कुजबुज ऐकू येत होती. वाटलं, अजून बोटीवरच आहोत. कोणीतरी माझं माप घेत होतं, अंग हलकं आहे, चौघं पुरेत म्हणत होतं. तिघंच मिळत होते. वडील मुलाला हळूच सांगत होते की आपण परक्याच्या विटाळात पडू नये, पुढची बस आहे. त्यावर एक तरुण आवाज आला.

"अप्पा, ह्यांना इथें कोणी नाहीं म्हणतात. चौथा मी होतों."

ऐकून मला भरून आलं. कोण बिचारा गेला असेल, त्याला निदान चार माणसं तरी मिळाली! शेजारधर्म म्हणून आपणही जायला हवं, असं वाटून मी चादर बाजूला सारली आणि उठून बसलो.

"कोण गेलं?" मी विचारलं.

उत्तर द्यायला कोणी थांबलंच नाही. गंगाअत्या खाली बसली. कारकून कचेरीच्या दिशेने पळाले. मुलाचे वडील मागे सरता सरता गाईवर आदळले आणि तिने रात्रभर केलेल्या कामावर बसले. एकटा तो तरुण जागचा हलला नाही. त्याने उशाशी ठेवलेला माझा तांब्या उचलून माझ्या हातात दिला आणि सावकाश प्या म्हणाला.

वडिलांचा राग गगनाला भिडला. मुलगी बघायला यावं आणि दारात प्रेत दिसावं, तेही उठून बसणारं! असल्या घरची मुलगी नको, ते स्पष्ट म्हणाले. मी चादर पांघरूनच हात जोडत होतो. तुळजाचं जे एक नीट करायचं होतं, ते मी झोपेत घालवलं होतं, आणि मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आतून तुळजाचा आवाज आला. महिन्याभरात ती पहिल्यांदाच इतकं मोठ्याने बोलत होती.

"वैनी, ओळख ना देख त्या माणसाला खांदा द्यायला जो उभा राहिला, त्याला आधी कापी प्यायला दे. बाकी मग बघूं."

व्यंकोबा चपला काढून आत गेला. वडिलांना परत फिरायचं होतं, पण विटाळ झालेला आणि धोतराची ती अवस्था, म्हणून आमच्याच विहिरीवर आंघोळ करणं भाग पडलं. धोतर दोरीवर गेलं आणि ते माझी बर्मी चौकड्यांची लुंगी नेसून बसले. त्या वेषात ओरत्तनाडूला परतणं शक्यच नव्हतं. धोतर वाळेपर्यंत त्यांनी पद्माचा केशरी शिरा तीनदा घेतला, मेला म्हटलेला माणूस दीर्घायुषी होतो हे गंगाअत्याकडून ऐकून घेतलं आणि राहुकाळ संपल्यावर सुपारी फोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेशनकार्ड घरपोच आलं. बिचाऱ्या कारकुनांनी विधवेची अडचण होऊ नये म्हणून आदल्या दिवशी, माझ्या उठण्याआधीच, ते तयार करायला सांगून ठेवलं होतं. त्यात पद्मा होती, तुळजा होती, फक्त मी नव्हतो. माझं नाव घालण्यासाठी पुढे मी किती खेपा घातल्या ते विचारू नका.

जिवंतपणी महिनाभर धावून जे जमलं नाही, ते मी एका सकाळी मरून जमवलं, हे पद्माच्या चांगलंच लक्षात राहिलं. तेव्हापासून घरात कसलंही काम अडलं की ती मला काही बोलत नाही. नुसती पांढरी चादर काढून ओट्यावर ठेवते.