डोकं दुखतं म्हणणारं गिऱ्हाईक

चष्म्याच्या दुकानातल्या त्या गृहस्थांना सगळे नंबरकाका म्हणत. एकाच स्टुलावर बसून त्यांनी एकवीस वर्षं लोकांचे डोळे तपासले होते, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवली होती. बायको गेली आणि चौथ्या दिवशी काका दुकानात हजर. "माणूस खंबीर आहे हो," असं शेजारी कौतुकानं म्हणाले. चारचौघांत रडला नाही की माणूस खंबीर, एवढी सोपी परीक्षा आहे आपल्याकडे. खंबीर कसले, काका नुसते बधिर झाले होते. चहा गरम आहे की गार, हेही त्यांना कळत नव्हतं.

अकरा महिने असेच गेले. मग मालकांच्या एक गोष्ट लक्षात आली. डोकं दुखतं म्हणून कुणी आलं की काका त्याला स्टुलावर बसवूनच घेत नसत. "आधी डॉक्टरांना दाखवा," म्हणून सरळ वाटेला लावत. आता चष्म्याच्या दुकानात निम्मी माणसं येतात ती डोकं दुखतं म्हणूनच. मालकांनी महिनाभर कळ काढली आणि शेवटी समुपदेशक बाईंचा पत्ता लिहिलेला कागद काकांच्या हातात ठेवला.

"मला वेड लागलेलं नाही," काका म्हणाले.

"लागलं असतं तर पत्ता दुसरा दिला असता."

काका गेले ते काही मालकांच्या भिडेखातर नाही. मुलगी घर सोडून निघाली होती. महिनाअखेरीस मावशीकडे राहायला जाते म्हणाली. का, विचारलं तर, "इथे जीव गुदमरतो, बाबा," एवढंच. तीही गेली तर आपलं म्हणायला कुणी उरणार नाही, हे काकांना समजत होतं. समजूनही पोटात काही हलत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

बाईंची खोली एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. पहिल्या गुरुवारी काकांनी पाऊण तास खिडकीच्या कडीकडे बघत काढला. दुसऱ्या गुरुवारी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, त्यात मुलगी घर सोडून निघाल्याचं तेवढं काका बोलून गेले. बाईंनी घाई केली नाही, उपदेशाचे डोस तर मुळीच पाजले नाहीत. ही बाई करते तरी काय, असं काकांच्या मनात आलं. तिसऱ्या खेपेला, मालकांनी फोनवर सांगितलं होतं त्यावरून, बाईंनी साधंच विचारलं, "डोकं दुखणाऱ्यांना तुम्ही परत का पाठवता?"

 दुसऱ्याच कुणाची हकीकत असावी तसे काका सांगू लागले.

"ती म्हणाली, डोकं ठणकतंय. मी डोळे तपासले. पाव नंबर वाढला होता. नवी भिंगं बसवून दिली. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, नव्या चष्म्याची सवय व्हायला आठवडा लागतो. आठवडा झालाच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली."

तुमचा काही दोष नाही, असं बाई म्हणाल्या नाहीत. "हे आजवर कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"मुलीला?"

"तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही."

"ती तर अशीही निघालीच आहे ना?"

सांगून झाल्यावर काकांना हलकं वगैरे काही वाटलं नाही. फक्त जिना उतरताना गुडघे दुखताहेत, एवढं कळलं. कित्येक महिन्यांत तेवढंही कळलं नव्हतं.

घरी मुलगी बॅगेत कपडे भरत होती. काका दारात उभे राहिले आणि बाईंना सांगितलं ते सगळं, जसंच्या तसं, तिला सांगून मोकळे झाले. मुलीच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

"आदल्या दिवशी आई मला म्हणाली होती, दवाखान्यात नेतेस का," ती हळूच म्हणाली. "माझी परीक्षा होती. मी म्हटलं, बाबांनी आठवडा थांबायला सांगितलंय ना."

"आणि हे तू एकटीनं मनात ठेवलंस?"

"तुम्ही आईचं नावसुद्धा काढत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. म्हणूनच माझ्याशी बोलत नाही."

 "गुरुवारी माझ्याबरोबर चल," काका म्हणाले, आणि रडू फुटलं ते तिला नाही, त्यांना.